उंटिणीचा चीक

नव्वदच्या दशकात दर हिवाळ्याला कच्छकडचे रबारी मेंढपाळ आर्वीजवळच्या आमच्या पडीक वावरात मेंढ्या बसवत. वावराला खत मिळायचं, म्हणून आम्ही जागा द्यायचो. पण ते असेपर्यंत माझी सासू कोंबड्या अंगणाबाहेर सोडत नसे. त्यांचाही आमच्यावर भरवसा नव्हता. आमच्या विहिरीचं पाणी ते आधी एकाच मेंढीला पाजून बघत.

एका सकाळी त्यांची उंटीण व्याली. मी धुऱ्याच्या बांधावरून पाहिलं, तर डेऱ्यातली म्हातारी बाई घट्ट पिवळा चीक मातीत पिळून टाकत होती आणि ओलं पिल्लू गारठ्यात थरथरत पडलं होतं. नको असेल म्हणून मरायला टाकलंय, असंच मला वाटलं.

"उसको क्यों नहीं पिलाते?" मी विचारलं.

तिनं पटकन आपली ओढणी पिल्लावर टाकली. "पहले दूध से पेट छूटता है. पिछले साल इधरही दो बच्चे मरे. किसी की नजर लगी." हे सांगताना ती माझ्याच डोळ्यांत बघत होती.

चीक न मिळालेली वासरं कशी वाळत जातात ते मी माहेरी पाहिलं होतं. आमच्या म्हशीच्या वगारीला मी आधी चीकच पाजायची. मी ते सांगितलं.

"तेरेको क्या फायदा?"

"कुछ नहीं," मी म्हणाले. त्यानं तिचा संशय आणखीच वाढला.

शेवटी तिचा नवरा म्हणाला, "पिलाना है तो इधरही बैठ. कुछ हुआ तो तू सामने रहेगी."

तेवढ्यात सासू आली. "त्याइच्या जनावराले हात नको लावू. काही झालं तं तुयावर येईन."

तरी मी बसले. पिल्लाचं अंग पुसायला पोतं आणलं, तर म्हातारीनं ते आधी हुंगून पाहिलं. मग दोघींनी पिल्लाला धरून उभं केलं. ते धडपडलं, आणि एकदाचं प्यायला लागलं.

दुपारी त्याला काळी, चिकट शी झाली. म्हातारी ओरडून माणसं बोलवायला लागली. "पेट का पुराना मैल है, भैंस के बच्चे को भी होता है," मी सांगत राहिले. तिनं बोटावर घेऊन पाहिलं, नवऱ्याला दाखवलं. मग म्हणाली, "कल देखेंगे."

घरी आल्यावर सासूनं, रात्री ते डूख काढतील म्हणून, म्हैस गोठ्यातून काढून पडवीत बांधली.

दुसऱ्या दिवशी पिल्लू आपल्या पायांवर उभं राहून पीत होतं. म्हातारी आभार मानायला आली नाही. मी जवळ गेले तशी ती मधे येऊन उभी राहिली. पिल्लाच्या गळ्यात तिनं काळा दोरा बांधला होता.

"मेरी नजर के लिए?" मी विचारलं.

"हां," ती म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात ते परत आले. दुसरी उंटीण व्याली तेव्हा मी वावरात गेले. नुकतं जन्मलेलं पिल्लू पोत्यावर उभं राहून चीक पीत होतं.

"दूर से देख," म्हातारी म्हणाली. मी धुऱ्यावरच बसले.