दान दिलेला कॅमेरा

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझा नवरा वारला. मी हॉस्पिटलच्या कागदावर सही केली आणि मुलुंडला घरी आले.

बाराव्या दिवशी गुरुजींनी दानाच्या वस्तू सांगितल्या. छत्री, चपला, काठी, तांब्या, अंथरूण. मग म्हणाले, "त्यांच्या आवडीचं काही असेल तर तेही द्या, वहिनी. सक्ती नाही." मी आत जाऊन कपाटातून त्याचा व्हिडिओ कॅमेरा आणला. कित्येक वर्षांत तो वापरलेला नव्हता, पण त्याचं आवडतं काय म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. दिराने पाणी सोडलं आणि गुरुजींनी कॅमेरा पिशवीत घातला.

नवरा विम्याच्या कचेरीत होता, मी एका कॉलेजात ग्रंथपाल. मूलबाळ नाही. मी पुस्तकं जमवली, त्याने यंत्रं. 'हाय डेफिनिशन' हा शब्द आमच्या घरात शिरला तो या कॅमेऱ्याबरोबर. त्यात लहान टेप लागायची. मग बाजारात ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी अशा दोन चकत्या आल्या. एक दुसरीच्या यंत्रात चालत नसे. कुठली टिकेल ते ठरवण्यासाठी त्याने वर्षभर मासिकं वाचली आणि एचडी डीव्हीडीचा प्लेअर घेतला. काही महिन्यांतच तीच बंद पडली. "वाट लागली," तो म्हणाला आणि माझ्याआधी हसला. त्यानंतर कार्डाचा कॅमेरा आला, मग फोन. दर वेळी तो मला समजावायचा, "ही शेवटची पद्धत बघ. आता बदलणार नाहीत."

"तुझ्या शेवटच्या पद्धती ठेवायला आता माझं पुस्तकांचं कपाट घे," मी म्हणायचे.

कार्डाचा कॅमेरा आला त्याच सुमारास त्याच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. तो त्यानंतर सहा वर्षं जगला, पण आवाज परत आला नाही. कानाशी येऊन कुजबुजावं तसं बोलायचा. स्वयंपाकघरातून मला हाक मारायची तर ओट्यावर चमचा वाजवायचा. आम्हाला त्याची सवय झाली.

तो गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी माझ्या लक्षात आलं की त्याचा मूळचा आवाज मला आठवत नाही. तो काय काय बोलायचा ते आठवत होतं, पण सगळं कुजबुजीत. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून पाहिलं, तो वाचायचा तसं. माझाच आवाज ऐकू आला. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मला अवघडल्यासारखं झालं आणि मी थांबले.

मग त्याची यंत्रं बाहेर काढली. कार्डावरच्या चित्रफिती लॅपटॉपवर लावल्या तर चित्र दिसे, आवाज नाही. फोनवरच्या फिती टीव्हीला लावल्या तर आवाज येई, चित्र काळं. शेजारच्या बाईंच्या सुनेने लॅपटॉपमध्ये कुठलासा प्लेअर घालून दिला आणि दोन्ही सुरू झालं, पण त्या फिती सगळ्या शस्त्रक्रियेनंतरच्या होत्या. त्यात पंख्याचा आवाज त्याच्या आवाजाहून मोठा होता. आधीचं सगळं टेपांवर होतं. अकरा टेपा, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात महिना आणि वर्ष.

घाटकोपरला जुन्या टेपा बदलून देणारं एक दुकान आहे. दुकानदाराने पहिली टेप त्याच्या यंत्रात घातली. पडद्यावर मिनिटं-सेकंद पुढे सरकत होते, मागे नुसता निळा रंग.

"टेप चांगली आहे, मॅडम," तो म्हणाला. "पण अंकलनी सिनेमावाला मोड लावलाय. तो फक्त त्याच कंपनीचा कॅमेरा वाचतो. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं मशीन आहे."

"टेप तर सारखीच दिसते."

"दिसते सारखी. तोच तर लोचा आहे ना. कॅमेरा घेऊन या."

"कॅमेरा नाही."

"विकला?"

"दान केला. बाराव्याला."

त्याने मान वर करून पाहिलं. "मॅडम, लोक गाय देतात, चांदीची गाय देतात. कॅमेरा दिलेला पहिल्यांदा ऐकतोय." मग त्याने टेप पुसून डबीत घातली. "मिळतो का बघा. माझ्याकडे त्याची केबल आहे, जुना कॉम्प्युटर आहे. कॅमेरा नाही."

तसा कॅमेरा जुन्या बाजारात मिळाला नाही. गुरुजी भांडुपला राहतात हे मला माहीत होतं. दिलेलं दान परत मागू नये हेही माहीत होतं. दिराला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, काहीही काय? तिकडे पोचलंय ते त्याला." पोचलंय म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. महिनाभर मी गेले नाही. टेपा जेवणाच्या टेबलावर होत्या. मी त्यांच्या शेजारी ताट ठेवून जेवत होते.

शेवटी एका गुरुवारी गेले. गुरुजींच्या पत्नीने दार उघडलं. चहा झाल्यावर गुरुजींना एकदम सांगून टाकलं, टेपांचं, आवाजाचं, सगळं. "परत मागत नाही," मी म्हणाले. "थोडे दिवस वापरायला हवाय."

गुरुजींच्या पत्नीच आधी बोलल्या. "अहो, द्या ना काढून. घरात नऊ छत्र्या झाल्यात यांच्या, त्या तरी वापरता येतात. या कॅमेऱ्याचं एक बटण दाबता येत नाही यांना."

"चार्जरच नव्हता त्यात," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, यजमानांनी नाही दिला तर मागायचा कसा?"

चार्जर माझ्याच खणात होता.

त्यांनी कॅमेरा आणून दिला. "वहिनी, हा आता माझा आहे, आणि मी तो तुम्हाला उसना देतोय. म्हणजे प्रश्न मिटला. पण परत आणून द्या हां. नाहीतर दोष कुणाला लागतो ते मला पोथीत शोधत बसावं लागेल."

दुकानात कॅमेऱ्याला केबल जोडली, टेप घातली आणि निळ्या रंगाच्या जागी आमची गॅलरी आली. मी कपडे वाळत घालत होते. पडद्याबाहेरून तो म्हणाला, "अगं, उजेडात ये. नाही, तिकडे नाही. माझ्या उजवीकडे." आवाज मला वाटला होता त्याहून बारीक होता. मी तो ओळखला, पण लगेच नाही. ते क्षणभराचं न ओळखणं मी दुकानदाराला सांगितलं नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं.

काम झाल्यावर त्याने विचारलं, "फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये देऊ? चार-पाच प्रकार आहेत."

"जो टिकेल त्यात."

"तसा कुठलाच नाही, मॅडम. दोन-तीन प्रकारांत देतो. अधूनमधून बदलून घेत जा."

दोन टेपांवर बुरशी होती, त्या वाचता आल्या नाहीत. उरलेल्या नऊ टेपांत सगळीकडे मी आहे, गणपती आहे, पाहुणे आहेत. तो कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. तो मला सरक म्हणतो, थांब म्हणतो, हसू नकोस म्हणतो. एकदा भाजीत मीठ नसल्याचं सांगतो.

कॅमेरा मी चार्जरसकट भांडुपला देऊन आले. नऊ फाइली लॅपटॉपवर आहेत. रविवारी दुपारी मी त्यांतली एक लावते आणि ऐकते.