तीन गावच्या लेकरांची माय

मी दहावी नापास. टायपिंग शिकली म्हणून तिरोड्याच्या एका कॉम्प्युटर सेंटरात काम भेटलं. लेकरू सव्वा वर्षाचं होतं, त्याले संग नेत होती, टेबलाखाली ओढणीचा झुला बांधून. सेंटरवाले सर बोलले होते, महिनाभर पाहीन, जमलं तं ठेवीन. घरी सासू वाटच पाहून राहिली होती, हिले कधी काढतात अन् कधी हे धान कापाले येते.

काम असं होतं का तीन गावच्या अंगणवाडीतल्या लेकरांची माहिती आम्ही एक्सएमएलमध्ये भरली. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबा. यादीच्या डब्यात घराचे डबे, घराच्या डब्यात आई, बाप, बाळ. त्यातून ऑफिसची छापील यादी काढायची, बाळाचं नाव अन् समोर आईचं. यादी काढणारी फाइल नागपूरहून तयार आली होती, पण कोणतं नाव कुठून उचलायचं तो रस्ता आपण लिहायचा. त्या रस्त्याले एक्सपाथ म्हणतात. सर म्हणाले, पत्ता लिहितो तसं लिही, वरून खाली, मधात तिरप्या रेघा.

मी लिहिला. बाळं जिथं असतील तिथून सगळी उचल. अन् आई? यादीत जा, पहिल्या घरात जा, तिथली आई घे. पहिलं काऊन लिहिलं, तं मले भेव वाटलं, घरं इतकी, मशीन भलत्या घरात घुसन. अन् पहिलं घर आमचंच होतं, शिकताना मी आपलंच भरलं होतं. छापलं तं पहिल्या ओळीत माझं बाळ अन् समोर मी. बरोबर. खालचं पाहिलंच नाई, लेकरू रडत होतं, बस सुटत होती. कागद अंगणवाडीच्या ताईले तपासाले दिला अन् घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लेकरांचा डोस होता, साऱ्या बाया जमल्या होत्या. ताईनं यादी वाचली. पहिलं बाळ, आई मी. दुसरं बाळ, आई मी. तीन गावं संपली, आई मीच.

"घे वं," एकीनं आपली शेंबडी पोट्टी माझ्या कडेवर ठेवली. "कागदावर तुझीच आहे. न्हाऊ घाल अन् मंग धाड."

जुळ्यांची माय बोलली, पोट माझं फाटलं अन् नाव हिचं. सासूनं तं बोटांवर महिने मोजले. "दोन बाळांत आठच दिवसांचं अंतर," ती मले म्हणाली, अन् खरंच विचारत होती, "मले काऊन नाई सांगतलं?"

ताई एकटी हसली नाई. म्हणाली, हे असंच वर गेलं तं लेकरांचे कार्ड चुकीचे निघतीन. सरांले कळलंच होतं. म्हणाले, सोमवारी दहाच्या आत बरोबर यादी, नाई तं येऊ नको.

रविवारी आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. शेंबड्या पोट्टीची माय पुन्हा तिले माझ्यापाशी सोडून दंडारीचं नाटक पाहाले बसली, तुझीच आहे ना म्हणे. अन् पाळण्यांपाशी ती पोट्टी हरवली. कागदावरची चूक होती, आता खरोखरचं लेकरू गेलं. पळत पळत माइकवाल्यापाशी गेली तं पोट्टी तिथंच खुर्चीवर बसून चिवडा खाऊन राहिली होती.

माइकवाला तिले विचारत होता, "तू कोण्या घरची वं?"

"काळ्या बकरीच्या."

"मंग बकरीच्या घरची माय कोण?"

पोट्टीनं सांगतलं अन् त्यानं माइकवर तेच नाव घेतलं. मी उभीच राहिली. तो गावाच्या पहिल्या घरी गेलाच नाई. पोट्टी उभी होती तिथूनच त्यानं सुरू केलं, तिच्या घरात गेला, त्या घरची माय विचारली. अन् मी दरखेप सगळ्यांले आपल्याच घरी आणत होती.

सोमवारी पहिल्या बसनं गेली. एक्सपाथमध्ये दोन टिंबं दिली का एक डबा वर जाते. दोन टिंबं, तिरपी रेघ, आई. छापलं. यावेळी बोट ठेवून खालून वर वाचलं. जुळ्यांले त्यांची माय, शेंबडीले तिची. सगळं बरोबर. मंग पहिली ओळ आली. माझं बाळ, अन् समोर काईच नाई.

शिकताना मी माझ्या बाळाले घरात एका जास्तीच्या डब्यात ठेवलं होतं. एक डबा वर गेलं का तोच डबा, त्यात आई कुठची. त्या दिवशी तीन गावची माय मी, अन् आज माझं एकलं लेकरू बिनामायचं. त्या डब्याले हात लावला तं पुन्हा सगळं बिघडन काय, हा विचार करतच होती, अन् लाइट गेली. लोडशेडिंग. बाहेर यादी न्याले सरांनं स्कूटरले किक मारली होती.

मी पेन घेतला अन् रिकाम्या जागेत आपलं नाव लिहिलं.

सरांनं कागद पाहिला. "हे एकच हातानं काऊन?"

"हे एक मले पक्कं माहीत आहे, सर."

ते यादी घेऊन गेले. मले ठेवलं का काढलं, ते कळलंच नाई. मंगळवारी मी गेली अन् झुला बांधाले लागली. सरांनं पाहिलं, अन् टेबल थोडं सरकवून दिलं.