धाकट्याचा वाटा

आमच्याकडे वाटणीची रीत सरळ आहे. मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे मोठ्याला लबाडी करता येत नाही. माझ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचे वाटे मात्र धाकट्यानेच पाडले आणि आधी उचललाही त्यानेच.

कॉम्प्युटर माझा. रावेरकडच्या बागा घेऊन केळी बाहेर पाठवायचा धंदाही माझा, सोनगीरहून रिकाम्या हाताने येऊन उभा केलेला. धाकटा भाऊ तेव्हा पिंप्राळ्यात माझ्याच घरी राहायचा, ऑफिसातलं लिहिणं-पाहणं करायचा. एका सकाळी मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर दोन ओळी. वर त्याने घातलेलं लिनक्स, खाली माझं विंडोज. दहा सेकंदांत खालची ओळ धरली नाही की त्याचं लिनक्स उघडायचं.

"एका घरात दोन चुली, भाऊ. एवढंच," तो हसून म्हणाला. अर्धी डिस्क गेली होती.

पुढे तो धुळ्याला कॉलेजात नोकरीला लागला. ती बातमीसुद्धा मला त्याच्या बायकोकडून कळली. तो गेला, चूल ठेवून गेला. आठ महिने आम्ही बोललो नाही. आणि त्या आठ महिन्यांत रोज, चहाचा घोट घ्यायला मान वळवली की त्याचंच उघडायचं आणि पासवर्ड मागायचं. माझ्या मशीनवर, मला!

पिंप्राळ्यातच एक दुरुस्तीवाला आहे. त्याला म्हटलं, हे लिनक्स काढून टाक.

"दोन दिवस ठेवून जा."

"एका तासात कर."

"भाऊ, ही काय केळी आहे घासाघीस करायला? आधी तुमचा सगळा डेटा काढून ठेवावा लागेल."

मी मशीन उचललं आणि निघालो. आमच्या धंद्यात निघालेल्या गिऱ्हाइकाला दहा पावलांवर हाक येते. मी रिक्षापर्यंत सावकाश चाललो. हाक आली नाही.

मग मीच बसलो. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की वाटे पट्टीसारखे दिसतात, शेताच्या नकाशात दिसावेत तसे. त्याचा वाटा ओळखला आणि डिलीट केला. बांध नांगरल्याचं समाधान वाटलं, खोटं का बोलू. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर एकच शब्द आला, ग्रब, आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ. विंडोज नाही, काही नाही. रोज "कोणतं उघडू" विचारणारा दरवान म्हणजे हा ग्रब, आणि तो भावाच्या वाट्यातल्या कागदावर बघून काम करत होता, हे मला कोण सांगणार? जमीन वाटताना सामाईक विहीर कुणाच्या हद्दीत आहे ते आम्ही आधी बघतो. इथे मी बघितलं नाही.

आणि आत होती कटाईच्या पाळीची यादी. कुणाची बाग कोणत्या दिवशी कापायची, चाळीस शेतकऱ्यांना मी तोंडी दिलेला शब्द. पाळी चुकली की केळी झाडावरच पिकते, मग ती कुणी घेत नाही. पूर्वी यादी वहीत असायची. "वही फेक, भाऊ," असं म्हणत ती कॉम्प्युटरमध्ये घातली ती त्यानेच.

समोर रावेरकडचे एक आबा पाळी विचारायला येऊन बसले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "काय शेठ, गेलं वाटतं बारा गडगड्याच्या खोल विहिरीत?"

मी धुळ्याला फोन लावला. घरी आम्ही अहिराणी बोलतो. मी मुद्दाम तलाठ्याशी बोलावं तशी मराठी लावली. "मशीन सुरू होत नाही. ग्रब असं दाखवतंय."

तो अहिराणीतच बोलला. "मनं पुसी टाकं ना भाऊ तू? मले इचारं बी नही?"

माझी मराठी तिथेच संपली. "तू मले इचारं व्हतं का?" मी इतक्या जोरात ओरडलो की आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मशीन कोनं शे? जाताना तरी इचारं का?"

पलीकडे वर्गातल्या पोरांचा आवाज येत होता. मग तो हळूच म्हणाला, "नही इचारं. चुकनं मनं."

एवढंच मला आठ महिने हवं होतं, आणि ऐकून काहीही थंड झालं नाही.

सुरू करताना कोणती कळ दाबून धरायची ते त्याने सांगितलं. पडद्यावर पर्याय आले, त्यातून विंडोज निवडलं. "तुनं बठ्ठं जागावर शे," तो म्हणाला. खरंच, सगळं जागेवर होतं. पाळीची यादी उघडली, आबांची बाग गुरुवारी होती. मी तिथल्या तिथे तिच्या दोन प्रती छापल्या.

"आते ती रिकामी जागा तुना वाटामा जोडी ले," भाऊ म्हणाला. "दोन मिनिटनं काम शे. सांगू?"

"कळतं मला," म्हणालो आणि फोन ठेवला.

कळत नाही. अर्धी डिस्क आजही कुणाच्याच नावावर नाही, नुसती पडीक आहे. विचारायचं तर त्यालाच विचारावं लागेल. पडीक राहू दे.