मिसेस तांगची वही

चीनमधल्या दोन मैत्रिणींवर मी ऐतिहासिक कादंबरी लिहिली, तेव्हापासून लोक विचारतात, तिकडे किती वर्षं होतात? एक दिवसही नाही. ती कादंबरी मला लीड्समध्ये सापडली, शैलाताईंच्या स्वयंपाकघरात, आणि तेव्हा शैलाताई भीतीनं अर्ध्या झाल्या होत्या.

शैलाताई इथल्या एका हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये कामाला. मोठ्या चादरीची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं. त्यांच्या समोर वीस वर्षं मिसेस तांग उभ्या राहिल्या. दोघींचं इंग्रजी बेताचंच, तरी काम करता करता मिसेस तांग आपल्या आईच्या वहीतली, थोरली आणि धाकटी अशा दोन मैत्रिणींची गोष्ट थोडी थोडी सांगायच्या. हुनानमधल्या त्यांच्या गावाकडे बायकांची स्वतःची लिपी होती, पुरुषांना न येणारी. मैत्रिणी शपथ घेऊन बहिणी व्हायच्या, आणि एकीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी दुसरी तिला वही लिहून पाठवायची. आईला आलेली ती वही मिसेस तांग जिवापाड जपत होत्या.

२००४च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नंतर दोन आठवडे मुलीकडे, ब्रिस्टलला. मुलीला जुनं काही दिसलं की टाकून द्यायची सवय, म्हणून वही त्यांनी शैलाताईंकडे ठेवायला दिली.

मधे दसरा आला. आता घरात एवढी जपलेली वही असताना आपल्याकडची बाई ती सरस्वतीपूजनाला ठेवल्याशिवाय राहील का? शैलाताईंनी ती पाटीशेजारी मांडली, पहिलं पान उघडलं आणि ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं. जुना कागद, टिपकागदासारखा कुंकू प्यायला. घाबरून त्यांनी वर ओला कापूस फिरवला, तर शाईच सुटली. तीन अक्षरं गेली आणि लाल डाग राहिला.

मी दसऱ्याचं भेटायला गेले, तर दार उघडणाऱ्या शैलाताईंची बोटं लाल. मला वाटलं, विळीनं कापलं.

"अगं, नाही दिसणार तिला," चंद्रशेखरराव, म्हणजे त्यांचे यजमान, धीर देत होते.

"अहो, ऑपरेशन कशाचं झालंय तिचं?"

पुढचे दहा दिवस शैलाताईंच्या घशाखाली घास उतरेना. फोन वाजला की दचकायच्या. मिसेस तांग ब्रिस्टलहून कळवायच्या, सगळं इतकं क्लिअर दिसतंय, समोरच्या झाडाची पानं मोजता येतात. ते ऐकून या फोन लवकर ठेवून द्यायच्या. वीस वर्षांत जोडलेलं हे एकच माणूस, ते आता जाणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला म्हणाल्या, "ती येईल तेव्हा तू थांब. मला एकटीला जमणार नाही." मी थांबले, पण खरं सांगायचं तर पळून जावंसं वाटत होतं.

मिसेस तांग आल्या, चष्म्याशिवाय. शैलाताईंनी दोन्ही हातांनी वही पुढे केली. "माझ्याकडून चूक झाली. तीन लेटर्स गेली. काय लिहिलं होतं तिथं? सांग, मी कोणाकडून तरी परत लिहून आणते."

मिसेस तांग पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही फटकन मिटली. रागानं, असं मला वाटलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी सात वर्षांची असताना आई गेली. तिनं मला ही लिपी शिकवलीच नाही. आजवर डोळे खराब आहेत म्हणत आले. आता बरे झाले, आता तू म्हणशील, वाचून दाखव. दोन आठवडे मी भीतीनं झोपले नाही, शैला."

"आणि त्या दोघींची गोष्ट?"

"मी रचली. तू रोज विचारायचीस, पुढे काय झालं."

गोष्टी रचून पोट भरणारी मी तिथे बसले होते आणि मला त्या बाईचा चक्क हेवा वाटला. पण समोर शैलाताई होत्या. फसवणं त्यांनी कधी कोणाला माफ केलेलं मी पाहिलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. मिसेस तांगनी पर्स उचलली, उठायच्या तयारीनं.

शैलाताईंनी त्यांचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं.

"तू सुट्टीवर गेलीस तेव्हा धाकटीला नदीपलीकडे दिली होती," त्या म्हणाल्या. "मग थोरलीनं काय केलं?"