ज्युएल काउंटीतले कोंपाद्रे

कॅन्ससच्या नैर्ऋत्येला सेवर्ड काउंटीत ओटिलिया बारिएंतोस राहायची, तेव्हा दगड भिरकावला तरी तो कुणा ना कुणा आतेभावाला लागायचा. चर्चमध्ये, दवाखान्यात, वाण्याकडे, सगळीकडे आपलीच बोली. मग नवऱ्याला, चेमाला, उत्तरेकडच्या ज्युएल काउंटीत गोठ्यावर काम लागलं आणि ती अशा गावात येऊन पडली, जिथे मेक्सिकन घर एकच, तेही तिचंच. पहिलं वर्षभर बिचारी भिंतींशी स्पॅनिशमध्ये भांडली.

मुलगी यादिरा पंधराची झाली. मेक्सिकन घरात मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा म्हणजे लग्नाच्या तोडीचा. तो सेवर्डलाच करायचा, असं ओटिलियाचं म्हणणं. यादिरा हटून बसली. इथल्या मैत्रिणी आणि तिकडचे भाऊबंद एकाच मांडवात हवेत, नाहीतर सोहळाच नको. लेकीचा उतरलेला चेहरा आईला बघवेना. गावचा हॉल ठरला आणि दोन्हीकडे निमंत्रणं गेली, शनिवारी चार वाजता.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. सेवर्डमध्ये चार म्हणजे सहा, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक. ज्युएलमध्ये चार म्हणजे चारला पाच कमी. ओटिलिया केसांत रोलर अडकवून मक्याच्या पानांत उकडणाऱ्या तामालेंच्या पातेल्याशी उभी, आणि हॉलच्या दारात अख्खं गाव, इस्त्रीच्या शर्टांत, बटाट्याच्या सॅलडची झाकलेली भांडी घेऊन. तिने बहिणीला फोन लावला. पोचलोच, म्हणाली बहीण, आणि मागे हॉटेलातल्या ताटल्या वाजत होत्या.

साडेपाचला सॅलड संपलं. शेजारचा वेंडेल ओबरम्युलर, एकटा राहणारा म्हातारा विधुर, जायला उठला. त्याच्या मागे गावही उठू लागलं. यादिराचे डोळे भरले. ओटिलियाला काय सुचलं कोण जाणे, ती रोलरसकट खुर्चीवर चढली. आमच्यात केकला, मुकुटाला, संगीताला एकेक पाद्रिनो म्हणजे मानकरी लागतो, तिने सांगितलं. खरे मानकरी गाड्यांत होते, म्हणून तिने तिथेच नवे नेमले. गुरांच्या डॉक्टराला संगीत, पोस्टातल्या बाईला मुकुट, वेंडेलला सँडल. आणि आपला मान पार पडेपर्यंत मानकऱ्याने हॉल सोडायचा नसतो, हा नियम तिने तिथल्या तिथे जन्माला घातला. माणसं मुकाट्याने बसली, काही तर ऐटीत.

सातला सेवर्ड धडकलं. अकॉर्डियन, काकवा, पोरं, आणि जुने मानकरी. एकेका वस्तूला दोन मानकरी झाले, बर्फाला तर तीन, आणि ते तिघेही नाचले. वेंडेलने गुडघा टेकून यादिराच्या पायात तिचे पहिलेवहिले उंच टाचांचे सँडल चढवले. मग त्याला उठता येईना. दोन्ही काउंट्यांनी मिळून त्याला उचललं, तेव्हा हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. यादिरा तर हसता हसता रडत होती.

नंतर वेंडेल ओटिलियाजवळ आला.

"हे मानकरीपण आजच्यापुरतंच ना?"

"छे हो. आता तुम्ही माझे कोंपाद्रे. घरातले. मेल्याशिवाय सुटका नाही."



"मग रविवारी जेवायला किती वाजता येऊ?" त्याने विचारलं. "तुमच्या घड्याळाने सांग."