मऊ केलेली स्प्रिंग

बापाने घालून दिलेला एक दंडक त्या दुकानात दोन्ही भाऊ पाळत आले होते. गिऱ्हाइकाच्या हाताला नाव ठेवायचे नाही. बंदूक अडकते म्हणून जो कुणी दार ढकलून आत येईल, त्याची बंदूकच अडकते असे धरून चालायचे. ती उघडायची, पुसायची, घासायची, आणि दोष सापडेपर्यंत गिऱ्हाइकाविषयी अवाक्षर काढायचे नाही. बाप गेला, गल्ली रुंद झाली, समोरच्या शिंप्याच्या जागी चष्म्याचे दुकान आले, पण हा दंडक तसाच राहिला. धाकट्याला तर तो इतका अंगवळणी पडला होता की घरात दिवा पेटला नाही तरी तो आधी बटण उघडून बघे. दिवा गेला असेल हे त्याला मागाहून सुचे.

गल्ल्यामागच्या खोलीत दोघांची टेबले समोरासमोर होती. थोरला लाकडाचे बघे: दस्ते, म्हणजे बंदुकीचे खांद्याला टेकणारे लाकूड, कोरणे, माणसाच्या खांद्यामानेच्या मापाने ते बसवणे, तेल पाजणे. धाकटा लोखंडाचे. दोघांच्या मधल्या फरशीवर एका बाजूने लाकडाचा भुसा आणि दुसऱ्या बाजूने लोखंडाचा कीस येऊन मिळे, आणि झाडताना भांडण ठरलेले असे. "छोट्या, तुझं लोखंड माझ्या हद्दीत शिरलंय," असे थोरला म्हणाला की पन्नाशी उलटलेला, डोक्याचे केस पिकलेला छोट्या निमूटपणे झाडू उचली.

थोरल्याच्या टेबलावरच्या फळीत अक्रोडाचा एक ठोकळा कापडात गुंडाळून वर्षानुवर्षे वाळत ठेवलेला होता. रेघ अशी की पाण्यावर वाऱ्याने सुरकुती पडावी. किती जणांनी तो मागितला. दादाने दिला नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या खांद्यांची मापे घेतली होती, पण त्याची स्वतःची बंदूक अजून कारखान्यातून आलेल्या दस्त्यावरच होती. तिच्या नळीखालचे लाकूड तेवढे त्याने हात बसवायला म्हणून कोरले होते, आणि दस्ता त्या ठोकळ्यातून निघायचा होता.

"कधी काढणार?" असे धाकट्याने विचारले की उत्तर ठरलेले. "काढू रे. लाकूड कुठं पळून जातंय? घाईत कोरलेला दस्ता आणि घाईत ठरवलेलं लग्न, दोन्ही खांद्याला लागतात."

"ऐकू येतंय मला," असे दुकानाला लागून असलेल्या घरातून वहिनी म्हणत.

दादाची बंदूक जुन्या घाटाची, आपोआप भरून घेणारी. बार उडाला की तिची सबंध नळी मागे सरकायची, रिकामे काडतूस बाहेर फेकायची, आणि पुढे येताना नवे काडतूस आत घेऊन यायची. दुकानात याला फेरा म्हणत. नळीखाली एक जाड स्प्रिंग आणि तिच्यापुढे एक पितळी कडे असे. नळी फार जोरात मागे आपटू नये म्हणून तिला धरून ठेवणे हे स्प्रिंगेचे आणि कड्याचे काम. आणि फेरा पुरा व्हायचा तर मागे खांदा ठाम हवा. खांदाच मागे गेला तर सगळी बंदूक त्याच्याबरोबर जाते, नळीला सरकायला जोर उरत नाही आणि रिकामे काडतूस तोंडातच अडकून बसते. नवशिक्यांचे असे होते. दादा गावाबाहेरच्या मैदानावर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडत उभा राहिला त्याला उभी हयात झाली होती. त्याच्याविषयी असले काही मनात येणे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला पोहता येते का विचारणे.

म्हणूनच एका रविवारी मैदानावर दादाच्या बंदुकीत काडतूस अडकले तेव्हा पहिल्यांदा दोघे हसले.

"म्हातारी झाली रे," दादा बंदुकीकडे बघून म्हणाला. "पाठ धरली तिची."

"तेल कुणी घातलं होतं शेवटचं?"

"तूच."

"मग पाठ नाही धरणार."

धाकट्याने ती तिथेच खांद्याला लावली आणि भरलेली सगळी काडतुसे उडवली. एकही अडकले नाही. दादाने पुन्हा घेतली; दुसऱ्याच बाराला रिकामे काडतूस तोंडात, वाकडे. धाकट्याने दुकानात नेऊन ती सुटी केली. आतली जुनी, घट्ट झालेली काजळी काढली, स्प्रिंग ज्यावर बसते ते नळकांडे आरशासारखे केले, काडतुसे बदलून पाहिली, कड्याला तेलाचा हात फिरवला. पुढल्या रविवारी फेरा पुरा होऊ लागला. दादाने त्याच्या पाठीत थाप मारली. ती थाप हलकी होती, पण त्या वेळी धाकट्याचे लक्ष काडतुसे कुठे जाऊन पडतात याकडे होते.

हिवाळा सरता सरता बंदूक परत अडकू लागली. या वेळी त्याने कडे सैल केले. मग उन्हाळ्यात स्प्रिंग बदलून जरा मऊ घातली. त्याच सुमारास दादा पटाशीला धार राहत नाही अशी तक्रार करू लागला. "हल्लीचं पोलाद म्हणजे नुसतं नाव," असे तो म्हणे, आणि धाकटा बाकीचे काम बाजूला ठेवून त्याच्या पटाशा दगडावर घासून देई. घासण्यापूर्वी तो अंगठ्याच्या नखावर धार बघे. ती असे. तरी तो घासे. दोष अवजारात आहे असे ज्याने सांगितले, त्याचे अवजार बघायचे, एवढेच त्याला ठाऊक होते.

वहिनींनी एकदा चहा देताना सहज म्हटले, "भाऊजी, बरण्यांची झाकणं मी आधीच सैल करून ठेवते हल्ली. नाहीतर हे चिडतात." आणि हसल्या. धाकटाही हसला. एकाच माणसाभोवती दोघेजण दोन बाजूंनी एकच काम करत होते, हे त्याला त्या हसण्यात कळायला हवे होते.

ते कळले मैदानावरच. त्या दिवशी तो नेहमीसारखा बंदुकीकडे बघत मागे उभा नव्हता. चपलेचा अंगठा तुटला म्हणून बाजूच्या बाकावर बसला होता, आणि तिथून त्याला दादा एका अंगाने दिसत होता. बार झाला. दादाचा खांदा मागे गेला. नुसता हलला नाही. दार ढकलल्यावर उघडावे तसा गेला, आणि परत जागेवर यायला त्याला वेळ लागला. डावा हात नळीखाली थरथरत होता. सदरा खांद्यावर असा पडला होता की आत हँगर असावा. धाकट्याच्या हातात तुटकी चप्पल तशीच राहिली. सबंध वर्ष तो ज्याच्या शोधात लोखंड घासत होता, ते समोर सदरा घालून उभे होते.

काडतूस अडकले. दादाने वळून त्याच्याकडे बघितले. नजरेत चीड नव्हती. लहान मुलाने खेळणे पुढे करावे तशी त्याने बंदूक पुढे केली.

"बघ रे छोट्या. काय झालंय हिला."

धाकट्याला त्या वेळी बोलता आले असते. तोंड उघडलेही. पण वर्षानुवर्षे त्या तोंडातून एकच वाक्य निघत आले होते, तेच निघाले.

"स्प्रिंग असेल. आणखी जरा मऊ घालतो."

आणि त्याने घातली. यापुढचे काम त्याने जाणून केले, आणि ते त्याच्या हातून झालेले सर्वांत सुबक काम होते. स्प्रिंग त्याने इतकी मऊ केली, कडे इतके हलके बसवले, की ती बंदूक आता अर्धमेल्या खांद्यावरही विनातक्रार फिरली असती. दादाला त्याच्या मैदानावर त्याच्या जागी उभे राहता यावे, एवढेच त्याला हवे होते. दादा उभा राहिला. तबकड्या फुटल्या. "आता कशी सरळ आली," असे तो म्हणाला, आणि अक्रोडाच्या ठोकळ्याविषयी कुणी विचारले तेव्हा म्हणाला, "पुढल्या वर्षी. आता बंदूकच मनासारखी झालीय, तर दस्ताही जरा मन लावून करू."

पुढल्या वर्षी तो दुकानाच्या उंबऱ्यात पडला, आणि डॉक्टरांकडे जाणे टळेना. डॉक्टरीण वयाने तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा सुकत चालल्या आहेत, असे त्यांनी सांगितले. यावर औषध नाही हेही सांगितले, आणि ते सांगताना खाली बघितले नाही.

"अशक्तपणा कधीपासून वाटतोय?"

"झाले असतील चारदोन महिने," दादा म्हणाला.

"दोन वर्षं," धाकटा म्हणाला. "उजव्या खांद्यापासून. मग डावा हात."

वहिनींनी मान वळवली. दादाने वळवली नाही.

"तेव्हा आणलं असतं तर?" धाकट्याने विचारले. नाही, काही फरक पडला नसता, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फक्त कळले असते. हे त्यांनी धीर देण्यासाठी म्हटले होते.

घरात न जाता दादा दुकानात आला आणि त्याने फळीवरचा ठोकळा काढून मागितला. धाकट्याने कापड सोडून तो त्याच्या मांडीवर ठेवला. दादा बराच वेळ लाकडाच्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधी कळलं?"

"चप्पल तुटली होती, त्या दिवशी."

"तेव्हा माझ्या हातात पटाशी धरण्याइतका जोर होता रे." आवाज चढला नाही, चढवायला लागणारा दमही आता त्याच्याकडे नव्हता. "बरा नसतोच झालो. पण एवढं काढलं असतं मी. सगळं सोडून एवढंच काढलं असतं. पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी करत बसलो, ते तुझ्या स्प्रिंगेच्या भरवशावर."

धाकट्याने काहीतरी म्हणायचे म्हणून म्हटले, "मूळची स्प्रिंग जपून ठेवलीय. परत घालतो."

"कुणासाठी?" दादा म्हणाला. मग म्हणाला, "घालू नकोस. जा, आहे तशी उडव एकदा. किती मऊ केलीयेस ते बघू दे."

दुकानाच्या मागे बंदूक तपासून बघण्यासाठी समोरच्या भिंतीला वाळू रचलेली बंदिस्त खोली होती. धाकट्याने बंदूक खांद्याला लावली. त्याचा खांदा बापासारखा होता, भिंतीसारखा. पहिल्या बाराला नळी कशालाही न जुमानता मागे गेली आणि आपटली. तो आघात त्याच्या दातांपर्यंत पोचला. तो थांबला. दारात खुर्चीवर बसलेल्या दादाने मानेने खूण केली. दुसऱ्या बाराला त्याच्या डाव्या हाताखाली काहीतरी कडकन् बोलले. नळीखालचे लाकूड, दादाने कोरलेले, टोकापासून टोकापर्यंत उभे चिरले होते.

दादाने ते हातात घेतले. भेग उघडून बघायला अंगठा लावला, भेग उघडेना. त्याने ते मांडीवर ठोकळ्याशेजारी ठेवले.

"पटाशी दे," तो म्हणाला.

धाकट्याने दिली. दादाने ठोकळ्याच्या कडेला तिचे पाते टेकवले, त्याच्या सवयीप्रमाणे किंचित तिरके, आणि दुसरा हात वर ठेवून अंग पुढे झुकवले. पात्याने लाकडावर नखाएवढीही खूण उमटवली नाही. त्याने पुन्हा झुकून पाहिले. कपाळावर घाम आला. आत वहिनींनी भांडे जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"धार गेलीय रे छोट्या," दादा म्हणाला, त्याच्याकडे न बघता.

धाकट्याने त्याच्या बोटांतून पटाशी सोडवून घेतली. तिने केस तासता आला असता. दगडावर पाणी टाकून तो खाली बसला आणि घासू लागला, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या. पाठीमागे दादा ठोकळा मांडीवर धरून वाट बघत होता. पाते पातळ होत चालले होते. ते परत नेऊन त्या हातात द्यावे लागू नये म्हणून तो घासत राहिला.