भिंतीतलं आमेन

आमच्या चर्चमध्ये गीताचा शेवट चार सुरांतल्या लांब ‘आमेन’ने व्हायचा. खर्जातला सूर माझा. पलीकडे बायकांच्या बाकांवरून माझी बायको वरचा सूर लावायची, नेहमी जराशी मागे राहून. ती गेली. मग पायपेटी गेली, ड्रम आले, गीतं पडद्यावर दिसायला लागली, आणि त्या गडबडीत आमेन कधी गळालं ते कुणाला कळलंही नाही.

मी तक्रार केली. म्हातारपणी तेवढंच जोमानं जमतं. पाळकसाहेबांना म्हणालो, “ड्रमचा आवाज मागच्या भिंतीवर आदळून छातीत घुसतो. काहीतरी करा.”

“बघतो, काका.”

त्यानंतरच्याच रविवारी गीत संपून ड्रम थांबले आणि सवयीनं मी एकटाच मोठ्यानं ‘आऽऽमेन’ म्हणून बसलो. पोरं वळून बघायला लागली. मी खोकल्याचं नाटक केलं. तेवढ्यात मागच्या भिंतीतून वरचा सूर आला. जरासा मागे राहून.

शेजारी बसलेल्या दोस्ताला विचारलं, “ऐकलंस का रं?”

“व्हय. तुझाच आवाज भिंतीवर आपटून माघारी आला.”

“बाईच्या आवाजात?”

“तुझा घसाच तसा हाय, गड्या.”

पुढच्या रविवारी मी मुद्दाम म्हणालो. सूर पुन्हा आला. दोस्त या वेळी हातावरचे उभे राहिलेले केस चोळत बसला. मी आठवडाभर रविवारची वाट बघायला लागलो. ड्रमसुद्धा आवडायला लागले, कारण ते थांबले की आमची पाळी.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी हसत जाहीर केलं, “काकांच्या सूचनेवरून मागच्या भिंतीला फोम बसवलाय.” टाळ्या पडल्या. मी वळून बघितलं. सगळी भिंत काळ्या गादीखाली गेली होती. तिचं तोंड मीच बंद करून घेतलं होतं.

“करा अजून तक्रारी,” दोस्त पुटपुटला.

ड्रम थांबले. म्हणायचा धीर होत नव्हता, तरी म्हणालो. माझा आवाज गेला आणि त्या गादीत मेला. मागून काहीच आलं नाही.

मग सूर आला. जरासा मागे राहून, पण भिंतीतून नाही. माझ्या डाव्या कानाशी.

संसार एवढा केला, पण चर्चमध्ये ती माझ्याशेजारी कधी बसली नव्हती. डावीकडच्या दोस्तानं बाकावरचं आपलं गीतांचं पुस्तक उचललं, आणि माझ्याकडे न बघता सरकून मधे एका माणसाची जागा केली.